मोटेचं ठिगळ

बोरखडी, तालुका शेवगाव
ता. ११ मार्च १९४५, रविवार

प्रिय भाऊ यशया यास हन्नाआक्काचा प्रभूमध्ये सलाम.

इकडे सगळी खुशाल आहेत, तिकडची खुशाली कळवावी. ज्वारी खळ्यावरून घरात आली. दाणा बरा आहे, कडबा आखूड. आमच्या दीनाला बोर्डिंगात जाऊन भेटत जा. ती पत्रात 'मजेत आहे' एवढंच लिहिते, आणि मजेत असलेलं पोर इतकं थोडं लिहीत नाही. तुझ्या बायकोला सांग की तिनं पाठवलेला साबण मिळाला, पण कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून नगरहून आला तो काळा होऊनच.

तुझे दाजी बरे आहेत. दर वेळी पत्राच्या शेवटी ते आपल्या हातानं दोन ओळी लिहितात, या वेळी लिहीत नाहीत. कामात आहेत. त्यावरून मनात काही आणू नकोस. नाताळातलं ते बोलणंही आता काढू नकोस.

आता भांडणाचं. तुझा कागद आला.

तूच सांगत होतास ना, की गुरांच्या रोगाचे हुकूम साहेब इंग्रजीत सांगतो आणि मराठीत तू लिहितोस म्हणून. तेव्हा मी अख्ख्या वस्तीत सांगत फिरले की आमच्या यशयाच्या हातचं सरकार वाचतं. आता गप्प बसले आहे.

झालं असं की पुंजारामची गाय मेली. सकाळी वैरण खाल्ली, दुपारी थरथरली, बसली ती उठली नाही. नाकातून काळं रक्त, आणि ते थिजेना. गाव म्हणालं घटसर्प. वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलंय हे तुला माहीत आहे, म्हणून पुंजारामनंच भावाला घेऊन ती माळावर ओढून टाकली, आणि कुत्र्या-गिधाडांनी तिचं काय ते केलं. मग आणखी दोन वासरं तशीच गेली, तेव्हा कुणीतरी शेवगावला कळवलं. शेवगावहून डॉक्टर आला नाही, औषध आलं नाही, कागद आला. एक तराळानं चावडीवर चिकटवला, एक आपल्या वस्तीला आणून दिला. मास्तर रजेवर, म्हणून वाचायला मला बसवलं. आपल्या मिशनच्या देवळापुढच्या ओट्यावर सगळी जमली. आपली होती आणि बाप्तिस्मा न घेतलेलीही होती.

पहिलीच ओळ काय, तर 'जो कोणी इसम मृत जनावराचे शव फाडील अथवा त्याचे चामडे काढील तो दंडास व कैदेस पात्र होईल.' पुढच्या चारी ओळी तेच. कुणाला दंड, कुणाला कैद, कोण साक्षीदार, कोण पंच. एकेक शब्द फोडून वाचताना माझ्या जिभेला घाम आला.

कडूबाई म्हणाली, "मरायचं ढोरानं आन तुरुंगात जायचं आमी? चांगलंय." कडूबाई म्हणजे दाजींची चुलत वहिनी, सहादेवची आई, विसरला असशील म्हणून सांगते.

मी म्हटलं, "थांब की, पुढं वाचते."

"पुढं फाशी आसंल."

आणि खरंच पुढं फाशी. त्या रोगाचं नावच तुम्ही फाशी लिहिलंय. आम्हीही फाशीच म्हणतो, पण दंड आणि कैद वाचून झाल्यावर फाशी ऐकलं की माणूस काय समजेल? चार जण उठले. मग खड्डा आला, माणूस उभा राहील इतका खोल, आणि त्यात चुना घाला.

सहादेव म्हणाला, "काकी, घराला लावाया चुना न्हाई, मेल्या ढोराला कुठनं आनायचा?"

हसता हसता आणखी उठले. सगळ्यात खालची ओळ अशी होती की माणसाच्या अंगावर काळी फोड आल्यास त्यानं ताबडतोब दवाखान्यात जावं. त्या ओळीला मी पोचले तेव्हा माझ्यासमोर कडूबाई आणि तिची शेळी उरली होती. शेळी ऐकत होती.

मला सांग, मास्तर पोराला पोहायला शिकवतो तेव्हा आधी बुडणाऱ्याला छडी मारतो का?

तुझा कागद येऊन आठवडा होतो न होतो तोच काकासाहेब पाटलांचा बैल गेला. नवा होता, मिरजगावकडून आणलेला, खांदासुद्धा मळला नव्हता. पाटील स्वतः वस्तीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, दाजी पुढे झाले.

"योहाना, बैल उचला."

"मालक, आमी शपथ घेतल्या. मेलं ढोर वढायचं न्हाई."

"मग हाडवळ्याची जमीन कशापायी खाता? ढोरं वढायची म्हनून दिल्याली हाय ती तुमाला."

सहादेव मागून म्हणाला, "आमच्या आज्यानं वढली तेवढ्यात फिटली ती."

दाजींनी त्याला गप्प केलं आणि पाटलांना म्हणाले, "वढायचं न्हाई म्हनलो, मालक. पुरायचं न्हाई आसं न्हाई म्हनलो. कागदात लिवलंय खड्डा पायजे, तर खड्डा आमी घेतो. बैल तुमच्या गड्यांनी खड्ड्यापातुर आनावा."

तसंच झालं. मुरूम इतका कडक की पहार वाजायची. चुन्याच्या जागी वस्तीतल्या सगळ्या चुलींची राख टाकली. काम तुमच्या कागदाप्रमाणे झालं, शपथही राहिली. तुमच्या वहीत 'बोरखडी, बैल पुरला' असं आलं असेल. बरं वाटलं असेल.

आता एक विचारते, त्याचं सरळ उत्तर दे. वस्तीत एका माणसाच्या हातावर फोड आली आहे, कोपराच्या खाली. आधी डास चावल्यासारखी होती, मग पाण्याची झाली, आता मधे कोळशासारखी काळी आहे आणि भोवती हात सुजून दुप्पट. दुखत नाही म्हणतो. दुखत नाही याचीच मला जास्त भीती वाटते. कडूबाई म्हणाली बिब्बा लावा, मी लावू दिला नाही. ताप येतो जातो.

तो माणूस नगरला मिशनच्या दवाखान्यात आला तर तिथले डॉक्टर तुमच्या हापिसाला कळवतात का? कळवलं तर त्याला कागदाची पहिली ओळ लागते की शेवटची? एवढंच लिही. नाव विचारू नकोस. आणि टोचणीची औषधं घेऊन कुणाला तरी पाठव, इथं अजून जितकी गुरं जिवंत आहेत त्यांच्यासाठी. कागद पुष्कळ झाले.

उलट टपाली उत्तर पाहिजे.

तुझी
हन्नाआक्का


बोरखडी
ता. १९ मार्च

यशया, सलाम.

तुझं पत्र मिळालं. खुशाली लिहीत बसत नाही.

तू लिहितोस, 'आक्का, त्या इसमानं मेलेल्या जनावराचं चामडं काढल्याशिवाय अशी फोड येत नाही. त्याचं नाव कळव. त्याला ताबडतोब पाठव. मला वर कळवणं भाग आहे, माझा इलाज नाही.' इसम लिहितोस. आईनं तुला अंगाईत इसम म्हणायला शिकवलं होतं का? मी विचारलं होतं की पहिली ओळ लागते की शेवटची. तू दोन्ही लिहून पाठवल्यास.

नाव हवं ना? योहान. तुझा दाजी.

मी गेल्या पत्रात दाजी बरे आहेत म्हणून लिहिलं. लिहिताना ते समोर भिंतीला टेकून बसले होते, हात मांडीवर आडवा ठेवून. म्हणाले, "त्याला कायबी कळू दिऊ नगं." मी म्हटलं, "तुमी गप बसा." आणि मग लिहिलं मात्र त्यांच्याच मनासारखं. दोन ओळी का नव्हत्या ते आता कळलं असेल. तो उजवा हात आहे.

काय झालं ते ऐक, आणि वर कळवायचं असेल तर सगळं कळव, अर्धं नको.

आपली मोट फाटली. पाण्याची पिशवीच ती, सोंडेजवळ उसवली आणि बाजूला हात जाईल एवढी चिरली. विहिरीतून भरून वर येईपर्यंत निम्मं पाणी परत विहिरीत. वांगी फुलावर आलेली, कांदा पोसत होता. कातड्याचं ठिगळ लावायला कातडं कुठं आहे? लढाईच्या बुटांसाठी ठेकेदार गावोगावची कातडी आधीच उचलतात. शेवगावला दाजी दोनदा जाऊन आले, चांभार म्हणाला, "योहानदादा, माझ्याच पायात बघा." अनवाणी होता. लोखंडाची मोट तर ऐकायलाही मिळत नाही.

आणि त्याच दिवसांत पाटलांचा बैल खड्ड्याच्या काठावर आणून ठेवलेला. सगळं गाव बाजाराला गेलेलं, दुपार टळटळीत. सहादेव आणि बाकीचे भाकरी खायला गेले. दाजी एकटे तिथं पहारेवर हात ठेवून उभे.

तुझ्या दाजींचं डोकं कसं चालतं ते तुला माहीत आहे. शपथ काय, तर ढोर ओढायचं नाही, खायचं नाही, त्याचं कातडं विकायचं नाही. त्यांनी ओढलं नाही, खाल्लं नाही, विकलं नाही. कागद काय, तर बैल पुरावा. त्यांनी पुरला. मधल्या मधे पाठीवरचा एक पट्टा काढून घेतला, मोटेच्या ठिगळाएवढा. एवढ्यानं काही मोडत नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं. घरी आले तेव्हा हात धुवायला पाणी मीच ओतलं. मी पट्ट्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खरचटलंय, हळद लावते." एवढंच आमचं बोलणं झालं.

मीठ चोळून दोन दिवस उन्हात टाकला आणि कच्चाच शिवला. मोट गळायची थांबली.

आता तू म्हणशील की वाचता येत असून केलं. हो, वाचता येत असून. कागदात लिहिलं होतं चामडं काढू नये, दंड होईल. का काढू नये ते एका ओळीत तरी लिहिलं होतं का? 'त्या रक्तात माणसाला मारणारं विष आहे, ते वाळल्यावरही मरत नाही' हे आता पत्रात लिहितोस ते कागदात लिहिलं असतंस तर योहाननं त्या बैलाला बोट लावलं नसतं. ते दंडाला भ्याले नाहीत एवढंच. सरकार आपल्याला नेहमीच काहीतरी करू नका म्हणतं. हे करू नका कशासाठी आहे आणि ते करू नका कशासाठी आहे, हे आम्ही कसं ओळखायचं?

हात आता खांद्यापर्यंत सुजला आहे. ताप उतरत नाही. मी आठवडाभर म्हणते नगरला चला. ते म्हणतात, "यशयाच्या दारात ह्यो हात घिऊन जायाचा न्हाई."

यशया, नाताळात पंगतीत तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. दाजी सांगत होते, शपथेला मीच पहिला उभा राहिलो, देवळाचा पंच म्हणून. तू कोटाची बाही सावरत म्हणालास, "बघू दाजी, शपथ किती टिकते." हसलास. पंगतही हसली. ते हसले नाहीत, आणि त्या दिवसापासून तुझं नाव निघालं की उठून गोठ्यात जातात. तुझ्यापुढं हा हात धरण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना वाटतं. मला वाटत नाही. नवरा मरू द्यायला मी लिहिणं शिकले नाही.

बुधवारी मी त्यांना घेऊन निघते. शेवगावपर्यंत पुंजारामची गाडी, त्याचा भाऊ हाकील, तिथून मोटार. पुंजाराम नगरला आधी जातोय, त्याच्याच हाती हे पत्र देते. तू मोटारीच्या अड्ड्यावर ये. कोट घालून येऊ नकोस. चारचौघांत त्यांना काही विचारू नकोस, विचारायचं असेल ते मला विचार. त्यांना हाताला धरून दवाखान्यात ने, आणि 'हे माझे दाजी' असं डॉक्टरला सांग. एवढंच कर. वर काय कळवायचं ते नंतर कळव.

ती मोट मी खुंटीला टांगून ठेवली आहे. आपल्या शेळीनं मोट रिकामी होते त्या थारोळ्यातलं पाणी प्यायलं होतं, ती परवा तशीच पाय झाडून गेली. तिला मीच पुरली, अख्खी. सहादेव मळ्यात निम्म्याचा वाटेकरी, त्याला म्हटलं, "मोटंला हात लावू नगं." "का काकी?" म्हणाला. मी म्हटलं, "सांगते तेवढं ऐक." दुसरं काय सांगणार, दाजी आतून ऐकत होते.

बुधवार विसरू नकोस.

आक्का


बोरखडी
ता. १० एप्रिल १९४५

यशया यास सलाम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर उशिरा देते, कारण आधी लिहिलं असतं तर फाडावं लागलं असतं.

आधी तुझं देणं ते देते. तू अड्ड्यावर आलास. कोट नव्हता. मोटारीतून उतरताना दाजींचा तोल गेला, तेव्हा तू त्यांना लहान पोरासारखं खांद्यावर घेतलंस, आणि ते 'सोड' म्हणत असताना सोडलं नाहीस. डॉक्टरला 'माझे दाजी' म्हणालास. सुया कुठून पैदा केल्यास ते मला माहीत नाही, लढाईच्या दिवसांत त्या मिळत नाहीत एवढं नर्स बोलली. फोडीवर खपली धरली आहे, चामड्यासारखी. बोटं अजून पुरी मिटत नाहीत, पण हात आहे. माणूस आहे. हे मी विसरणार नाही.

आता बाकीचं.

तू वर कळवलंस. तुला भाग होतं, मान्य. मग तुझा साहेब आला, तू आलास, फौजदार आला, शिपाई आले. पाहुणचाराला पाटलांच्या वाड्यावर उतरलात. टोचणीची औषधं आणली ती गावातल्या निम्म्या गुरांना पुरली, आणि निम्मी म्हणजे कोणती ते सांगायला नको. वस्तीची गुरं पुढच्या खेपेला. पुढची खेप अजून झाली नाही. कातड्याचा पट्टा मोटेसकट चावडीपुढं जाळलात. ते बरं केलंत. मग योहानला सगळ्यांपुढं उभं राहून 'होय, मी काढला' म्हणावं लागलं, आणि दंड सांगितला गेला. ज्या माणसाला नीट उभं राहता येत नव्हतं त्याला अर्धी सकाळ उन्हात उभा केला. तू शेजारी उभा होतास आणि खाली बघत होतास. ते मी बघितलं.

मग साहेबानं तुला काहीतरी सांगितलं, आणि तू मोठ्यानं विचारलंस, "आणखी कुणाच्या अंगावर काळी फोड आहे का? असल्यास पुढे यावे."

तुझ्या एका बाजूला फौजदार, दुसऱ्या बाजूला माझा नवरा. कोण येणार पुढे?

तुला आठवतं का बघ. लिंबाखाली, डाव्या अंगाला, एक पोरगा मानेभोवती उपरणं गुंडाळून उभा होता. चैताचं ऊन, सगळे मुंडासं काढून वारा घेत होते, आणि हा गळ्याभोवती उपरणं आवळून. तू विचारत विचारत त्याच्या पुढून गेलास. हात पुढे केला असतास तर त्याला लागला असता. मीही तिथंच होते. मी त्याला बघितलं, आणि मला वाटलं पोराला ताप असेल.

सहादेव होता तो.

आम्ही नगरला गेलो आणि मागे मळा वाळायला लागला. त्यानं एकट्यानं मोट जोडली. का नको ते त्याला कुणी सांगितलं होतं? 'सांगते तेवढं ऐक' हे सांगणं झालं का? तुझ्या कागदासारखंच झालं ते. दिवसभर पाणी काढायचं आणि संध्याकाळी ओली मोट खांद्यावर टाकून घरी आणायची, चोरीला जाऊ नये म्हणून. ठिगळ मानेला घासत होतं.

कडूबाईनं बिब्बा लावला, मग विळा तापवून डागलं. तुम्ही मोटारीत बसून गेलात त्याच दिवशी सूज गळ्यावर आली. गिळता येईना, मग श्वास घेता येईना. उत्तम शुक्रवारी आम्ही उपासनेला बसलो होतो आणि पलीकडून कडूबाईचा आवाज आला. तेव्हा आम्हाला कळलं. दाजी उपासना सोडून धावले. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, त्या वाकड्या बोटांनी त्याच्या मानेवरचं उपरणं सोडवत. गाठ सुटेना.

मी कडूबाईला म्हटलं, "वयनी, मला का सांगितलं न्हाई? आमाला नगरची वाट ठावी हाय. मी त्याला पाठीवर न्येला आस्ता."

ती रडत नव्हती. म्हणाली, "तुला सांगितलं म्हंजी तुज्या भावाला सांगितलं. त्याला सांगितलं म्हंजी फौजदाराला."

"आगं, पर ह्ये वाचले की."

"तुजा वाचला, त्याचा म्हेवना सायेब हाय. माज्याचा कोन हाय?"

तिला उत्तर दे. मी भांडणात कुणाला हार जात नाही, तुला माहीत आहे, पण त्या दिवशी मी तिची चूल पेटवली, भाकरी टाकल्या आणि घरी आले.

तू पत्रात लिहितोस की सहादेवनं आजार लपवला हे त्याचं अज्ञान, आणि लोकांना समजावणं किती अवघड आहे. अज्ञान कसलं? त्याला नीट कळलं होतं. फोड दाखवली की काय होतं ते त्यानं डोळ्यांनी बघितलं, दाजींच्या रूपानं उन्हात उभं केलेलं. तुमच्या कागदानं रोग थांबला नाही, यशया. माणसं बोलायची थांबली. रोगाला आणखी काय पाहिजे?

आता मी काय केलं ते ऐक. ईस्टर झाल्यावर मी घरोघर गेले. आपल्या वस्तीत, आणि गावातही, मागच्या दारांनी. पुरुषांशी बोलले नाही, त्यांना चावडीची सवय लागलेली. बायकांना म्हटलं, काळी फोड असेल तर मला दाखवा, मी कुणाला सांगणार नाही, नावसुद्धा विचारणार नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनी दारं लावली. दुसऱ्या दिवशी पाटलांच्याच घरातल्या लंकाबाईनं मला गोठ्याकडे बोलावलं आणि त्यांच्या गड्याचा हात दाखवला. पाटलांना माहीत नव्हतं. त्याच बैलाला ओढून खड्ड्यावर आणणारा गडी तो. मी त्याला पुंजारामच्या गाडीत घालून शेवगावला पाठवला, तिथून मोटारीनं मिशनच्या दवाखान्यात. त्याच्याकडे चिठ्ठी दिली होती, 'याला काही विचारू नका, सुई द्या.' डॉक्टर भला माणूस, त्यानं विचारलं नाही. गडी बरा आहे. तुमच्या वहीत तो नाही आणि येणारही नाही, शोधू नका.

सगळेच दाखवत नाहीत. कडूबाई तर माझ्याशी बोलत नाही. पाणवठ्यावर मी आले की ती घागर उचलते.

तर तू नवा कागद लिही. पहिली ओळ अशी लिही: 'अंगावर काळी फोड असेल तर दवाखान्यात या, कुणी काही विचारणार नाही, सुई फुकट मिळेल.' दुसरी ओळ, रक्तात काय आहे आणि कातडं वाळलं तरी ते का मरत नाही. तिसरी, चुना कुठून मिळेल, आणि मिळणार नसेल तर लिहू नका. मग खड्डा. मग मोटेला कातडं कोण देणार ते. दंड लिहायचाच असेल तर शेवटी लिही, जिथं तू फोड लिहिली होतीस तिथं, म्हणजे तिथवर कुणी वाचणार नाही.

तू म्हणशील मला अधिकार नाही, साहेब सांगतो ते मी लिहितो. साहेब इंग्रजीत सांगतो. कुठली ओळ वर ठेवायची ते तू ठरवतोस, हे तूच नाताळात फुशारकीनं सांगितलंस. नसेल ठरवत तर तसं सांग, म्हणजे मी साहेबालाच लिहीन. माझं अक्षर वाईट आहे, पण त्याला कुठं मराठी वाचायचं आहे, तूच वाचून दाखवशील.

दीनाला सुटीत पाठव. दाजी आजकाल तुझं नाव निघालं की उठत नाहीत, बसून राहतात. त्याचा अर्थ मी विचारला नाही. या पत्राखाली ते दोन ओळी लिहिणार होते. टाक बोटांत धरला, बराच वेळ धरला, मग ठेवून दिला. म्हणाले, "तूच लिही, मी बी त्येच म्हनतो म्हनून." तर ते तेच म्हणतात.

आणखी एक. चावडीवरचा तुझा कागद कुणीतरी फाडला, आणि तराळाला पाटलांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला वाऱ्यानं गेला. गरीब माणूस, घाबरून बोलला. वाऱ्यानं गेला नाही. सरकारी कागद फाडला तर काय दंड असतो ते मला माहीत नाही, कारण ते कोणत्या ओळीत लिहितात ते मी अजून वाचलं नाही. सहादेवच्या मातीहून येताना भर दिवसा, सगळ्यांसमोर फाडला. तुम्हाला नाव लागतं म्हणून पुरं देते, वर कळव.

हन्नाबाई योहान ओहोळ
राहणार बोरखडी, तालुका शेवगाव